अवशेष, ऐवज की चीजवस्तू?

प्रश्न:
नमस्कार. नागपुरातल्या शाळेत शिकवते. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, त्या ६ ऑगस्टसाठी मुलांनी तिथल्या संग्रहालयातल्या वस्तूंची चित्रं काढली आहेत. एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा, आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. आईला तो मुलाच्या देहापाशी सापडला. एक तीनचाकी सायकल. बापानं ती तीन वर्षांच्या लेकरासोबत अंगणात पुरली होती आणि ४० वर्षांनी, १९८५ मध्ये, बाहेर काढून संग्रहालयाला दिली. वर मी 'अवशेष' असं शीर्षक लिहिलं. सहावीतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, अवशेष म्हणजे हाडं ना?" तिथंच अडले. 'पुरावस्तू' म्हटलं की अजब बंगल्यातल्या, म्हणजे इथल्या जुन्या संग्रहालयातल्या, मूर्ती आठवतात. 'स्मृतिचिन्ह' तर शाल-श्रीफळासोबत देतात. काय लिहू?

उत्तर:
मॅडम, मुलीचं बरोबर आहे. जे मोडलं, संपलं, त्यातलंच उरलेलं ते अवशेष. वाड्याचे अवशेष, देहाचे अवशेष. सायकल त्या लेकराचा भाग नव्हती, त्याची होती. मला 'ऐवज' सुचतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बदला, मोबदला. आपलं 'ऐवजी' तिथूनच आलं. माणसाच्या ऐवजी जे हाती राहिलं, तो ऐवज.

प्रश्नकर्ती:
सर, मूळ अर्थ वाचून अंगावर काटा आला. पण 'दोन लाखांचा ऐवज लंपास' हे पेपरात रोज वाचणारी मुलं डब्याची किंमत विचारतील.

उत्तर:
ताई, माझी नोकरी कोर्टातली. पंचनाम्यात चप्पल, बांगड्या, डबा सगळाच 'मुद्देमाल'. कागदात गुंडाळायचं, सील करायचं, चिठ्ठी लावायची. पण घरचे न्यायला येतात तेव्हा एकजणही तो शब्द उच्चारत नाही. "आमच्या पोराचं सामान द्या," म्हणतात. लेखी हवं असेल तर 'चीजवस्तू' घ्या. फारसी 'चीज' आणि संस्कृत 'वस्तू', दोन्हींचा अर्थ एकच, पण जोडीनं आले की भरलं घर दिसतं.

'खूण' मात्र जपून. आपल्याकडे बोलताना 'ण'चा 'न' होतो, पाण्याचं पानी होतं, तशी खुणेची 'खून' होते. 'त्याची खून' आणि 'त्याचा खून', फरक फक्त लिंगाचा. अशा चित्राखाली तो शब्द मोठ्यानं वाचून पाहा.

उत्तर:
झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावरून रोज जातो. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यात बायका आणि लेकरं जास्त. बातमीत ते 'बळी' होते. समाजानं त्यांना 'शहीद' म्हटलं, स्मारकावर आणि उड्डाणपुलावर तोच शब्द आला. कोण बोलतंय, त्यावर शब्द ठरतो. म्हणून मॅडम, संग्रहालयाच्या बाजूनं शब्द शोधू नका. डबा भरून देणाऱ्या आईच्या तोंडी काय आलं असतं, ते शोधा.

प्रश्नकर्ती:
तुमचं वाचून पुन्हा शोधायला बसले. अशा वस्तूंना जपानीत 'इहिन' म्हणतात, मृतानं मागे ठेवलेली वस्तू. आणि लक्षात आलं, हे तर आपल्याकडे आहेच! निधनवार्तेत आपण लिहितोच, 'त्यांच्यामागे पत्नी, दोन मुले असा परिवार आहे.' माणसं मागे राहतात, तशा वस्तूही राहतात. एकच नाम शोधत बसल्यामुळे ते दिसलं नाही. 'चीजवस्तू' आवडला, पण तो घरभर सामानाला शोभतो. इथं एकेक डबा, एकेक सायकल आहे.

'अवशेष' खोडलं. वर लिहिलं: 'त्यांच्यामागे राहिलेलं'. प्रत्येक चित्राखाली वस्तूचं रोजचंच नाव. त्या मुलीनं 'डबा' लिहिलं, मग थांबून त्याच्याआधी 'त्याचा' हा शब्द बसवला.