प्रतिसाद: गोगलगाय भाताची रोपं खाते ती कधी?

'गोगलगाई फक्त शेवाळ आणि कुजकं खातात' हे विधान गोल्डन ॲपल स्नेलला लागू नाही. दक्षिण अमेरिकेतली ही गोगलगाय १९८०च्या सुमारास खाण्यासाठी पाळायला तैवान आणि मग फिलिपिन्समध्ये नेली. चव कुणाला रुचली नाही आणि ती भातखाचरांत पसरली. कोवळं रोप ती बुडाशी कातरते. लावणीनंतरचे पहिले १० दिवस धोक्याचे, थेट पेरणीत साधारण ३ आठवडे. पुढे खोड कडक झालं की नुकसान फारसं होत नाही. म्हणून २५-३० दिवसांची रोपं लावणं हा अर्धा इलाज.

दुसरा अर्धा पाण्यात आहे. पाणी २ सेंटिमीटरच्या खाली ठेवलं तर तिला हिंडता येत नाही. खाचरात १५-२५ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर खोल चर काढले की ती तिथे गोळा होते. पपईची पानं टाकून सकाळी-संध्याकाळी वेचायची. पाणी आत येतं तिथे जाळी हवीच. खाचर पूर्ण सुकवून ती मरेल असं मात्र समजू नका. कवचाचं झाकण लावून ती चिखलात महिनोन्महिने तग धरते. गुलाबी अंडी पाण्याच्या वर चिकटवलेली असतात, बांबूच्या काठ्या रोवून ठेवल्या की तीही सापडतात. वेचताना हातमोजे घाला, उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या तिच्यात असू शकतात.