गेबको वापरून अ‍ॅडमिटन्स काढला, रिझल्ट जरा जास्तच छान येतोय?

खोलपाणी:
एमएस्सीचं डिझर्टेशन चालू आहे, अरबी समुद्रात लक्ष्मी रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेच्या आसपासचा तुकडा घेतलाय. गेबको या जागतिक समुद्रतळ-नकाशातली खोली, १५ आर्क-सेकंदाचा ग्रिड म्हणजे साधारण ४५० मीटरला एक सेल, आणि सॅटेलाइट अल्टिमेट्रीची (समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजून काढलेली) फ्री-एअर ग्रॅव्हिटी. दोन्हीवरून अ‍ॅडमिटन्स (तळाच्या चढउतारामागे ग्रॅव्हिटी किती बदलते ते) काढून इलास्टिक जाडी, म्हणजे वरचा खडकाळ थर वाकायला किती ताठ आहे ते, काढायचीय. ३० ते १०० किमी वेव्हलेंथला कोहेरन्स (दोन्ही किती जुळतात ते, १ म्हणजे पूर्ण) ०.९ च्या वर जातोय, गाइड खूश आहेत पण मला धाकधूक होतेय, समुद्राचा डेटा इतका स्वच्छ असतो का?

गाळवाला:
धाकधूक बरोबर आहे तुझी. गेबकोसोबत टीआयडीचा ग्रिड मिळतो, प्रत्येक सेलची खोली कुठून आली त्याचा कोड, तो आधी उघड. ११ म्हणजे जहाजाच्या मल्टीबीम सोनारने मोजलेली, १० सिंगलबीमने, आणि ४० म्हणजे ती खोली ग्रॅव्हिटीवरून अंदाजलेली, तिथे जहाज फिरकलेलंच नाही. स्मिथ आणि सँडवेलची १९९७ ची पद्धत, साधारण १५ ते १६० किमी वेव्हलेंथमध्ये खोली ग्रॅव्हिटीवरूनच येते. तुझा पट्टा नेमका त्यातच बसतो, म्हणजे तू ग्रॅव्हिटी ग्रॅव्हिटीशीच ताडून बघतेयस. ४५० मीटर हे फक्त सेलचं अंतर आहे गं, तेवढं बारीक कुणी मोजलेलं नाही.

दर्यावर्दी:
त्यात तुझी जागा अवघड. लक्ष्मी रिज उंचवटा असून तिच्यावर ग्रॅव्हिटी लो आहे, आणि आजूबाजूला सिंधू नदीने समुद्रात पसरलेल्या फॅनचा जाड गाळ, खालचा खडक वरखाली असला तरी तळ सपाट. ग्रॅव्हिटीला दबलेला खडक जाणवतो आणि ग्रिडमध्ये तोच तळ म्हणून उमटू शकतो. मी एका क्रूझवर ग्रिडमधली टेकडी बघायला रात्रभर जागलो होतो, इकोसाउंडरवर रेघ सरळच्या सरळ.

खोलपाणी:
बघितलं. निम्म्याहून जास्त सेल ४० आहेत 😟 मग मॅग्नेटिक लिनिएशन (क्रस्टचं, म्हणजे भूकवचाचं, वय सांगणारे चुंबकीय पट्टे) तरी ईमॅग-२ या जागतिक चुंबकीय ग्रिडवरून घेऊ का?

गाळवाला:
२००९ ची आवृत्ती नको, तिच्यात समुद्रातल्या मोकळ्या जागा क्रस्टच्या वयाचं मॉडेल धरून भरल्यात, त्यावरून वय काढलंस तर परत तोच घोळ. २०१७ ची तिसरी आवृत्ती बघ, तिथे तसं मॉडेल वापरलेलं नाही. आणि अ‍ॅडमिटन्ससाठी ग्रिड सोडच, जहाजाच्या ट्रॅकवरची मोजलेली खोली घे, ग्रॅव्हिटी सॅटेलाइटची चालेल, दोन्ही वेगवेगळ्या मोजल्यात. प्रोफाइल कमी मिळतील, एरर बार रुंद येतील, येऊ देत.

खोलपाणी:
चार लांब ट्रॅक सापडलेत दादा, उद्या गाइडना टीआयडीचा नकाशा आधी दाखवते, मग कोहेरन्सचं बोलते.