पालकातलं आर्सेनिक: एकूण आकडा आणि रूपांची बेरीज जुळत नाही

गंगाकाठची_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सध्या पीएचडीसाठी पश्चिम बंगालमध्ये. नदिया जिल्ह्यात चाकदहच्या आसपासच्या रानांतून भाज्या आणते आणि त्यांतलं आर्सेनिक मोजते. पिण्याच्या पाण्याचं इथे लोकांना आता कळलंय, पण रानाला पाणी अजूनही उथळ नळकूपांचंच. उन्हाळी भाताला तर ते महिनोन्‌महिने तुंबवतात, आणि आर्सेनिक मातीत साचत जातं.

अडचण अशी आहे. पालकाची वाळवलेली भुकटी नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्हमध्ये विरघळवली, आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं त्यांच्या वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) लावली. एकूण आर्सेनिक किलोला 0.9 मिलिग्रॅम. त्याच भुकटीचा 1 टक्का नायट्रिक आम्लात 95 अंशांवर अर्क काढला आणि एचपीएलसीवर (द्रावणातले घटक कॉलम नावाच्या भरलेल्या नळीतून एकेक करून वेगळे काढणारं यंत्र) आर्सेनिकची रूपं वेगळी केली: आर्सेनाइट आणि आर्सेनेट ही असेंद्रिय, डीएमए आणि एमएमए ही सेंद्रिय. बेरीज 0.6. मग बाकीचं 0.3 गेलं कुठे? तांदळाच्या पिठाचा एनआयएसटी 1568बी हा प्रमाणित नमुना (अमेरिकी मापन संस्थेचा, ज्यातले आकडे आधीच ठाऊक असतात) सोबत लावते, तो छान जुळतो.

ज्या काकीमांच्या वाफ्यातला हा पालक आहे, त्या दर खेपेला विचारतात, "घरच्यांना घालू का नको?" अर्धवट आकड्यावर त्यांना काही सांगायला माझी जीभ रेटत नाही. कृपया मदत करा.

अर्क_आणि_गाळ

पालक धुतलास कसा, ते आधी सांग. जुडी नळाखाली धरली असशील तर उत्तर तिथेच आहे. देठ जिथे एकत्र येतात त्या बुडाशी चिखल बसतो आणि पानाच्या सुरकुत्यांतही बारीक माती राहते. मातीतलं आर्सेनिक लोहाच्या ऑक्साइडला घट्ट चिकटलेलं असतं. तुझ्या तीव्र आम्लात ते बरंचसं सुटतं, 1 टक्क्याच्या अर्कात थोडंच. म्हणजे एकूण आकडा माती धरून आणि बेरीज मातीशिवाय, असा तो फरक असावा.

तपासायला नवीन काही लागत नाही. त्याच द्रावणात टायटॅनियम आणि अॅल्युमिनियम बघ. टायटॅनियम झाड जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे ते वर गेलं की माती आली समज.

तांदळाचं पीठ जुळलं म्हणून निर्धास्त राहू नकोस. त्यातलं जवळपास दोन तृतीयांश आर्सेनिक डीएमए आहे, ते सहज बाहेर येतं. एकूण आकड्यासाठी पालकाच्या पानांचा 1570ए नमुनाही लाव.

वस्तुमान७५

वरच्या ताईंशी सहमत. तरी कॉलमवरही एकदा संशय घे. झाड आर्सेनाइटला गंधकवाल्या पेप्टाइडांशी बांधून ठेवतं, तसलं काही कॉलममध्ये अडकलं तर त्याचं शिखर (आलेखावरचा उंचवटा) दिसतच नाही. अर्क कॉलम न लावता सरळ यंत्रात सोड. अर्कातलं एकूण आणि रूपांची बेरीज जुळली तर कॉलम निर्दोष.

आर्सेनाइटचं शिखर अगदी सुरुवातीला येतं, तिथे दुसरंही काही लपू शकतं. अर्काच्या एका भागात पेरॉक्साइड घाल. ते शिखर पूर्ण नाहीसं होऊन आर्सेनेट तेवढंच वाढलं तर ते आर्सेनाइटच. आणि हायड्रोक्लोरिक आम्ल आसपासही नको. आर्गन आणि क्लोरीन जोडले की वस्तुमान 75 होतं, हुबेहूब आर्सेनिकचं. पालकात मुळातच क्लोराइड असतं, म्हणून यंत्रातला हेलियमचा कक्ष चालू ठेव, तो असे जोडलेले कण अडवतो.

गंगाकाठची_सांगलीकर

ताई, दादा, मनापासून आभार. उत्तराला उशीर झाला, कारण पुन्हा वाफ्यावर जाऊन पालक आणला. मी खरंच जुडीच नळाखाली धरत होते. या वेळी एकेक पान सुटं करून तीन पाण्यांतून काढलं. पहिल्या घमेल्याच्या तळाशी बोटाला लागेल इतका करडा गाळ बसला होता. तो बघून पोटात कालवलं, कारण इतके दिवस हाच मी भाजीच्या नावावर मांडत होते.

आता टायटॅनियम खूप खाली आलं. एकूण 0.65, बेरीज 0.58. कॉलम निर्दोष निघाला. पेरॉक्साइडनंतर पहिलं शिखर पूर्ण गेलं. जवळजवळ सगळं असेंद्रिय, म्हणजे घातकच रूप.

काकीमांना मिलिग्रॅम सांगून उपयोग नव्हता. ताज्या पालकात नव्वद टक्क्यांवर पाणी, म्हणून 200 ग्रॅम भाजीत साधारण 10 मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. त्यांना म्हटलं, मर्यादेच्या काठावरचं एक लिटर पाणी प्यायल्यासारखं धरा, वर रोजचा भात आहेच. पालक बंद करू नका, पण पानं सुटी करून धुवा आणि बुडखा टाकून द्या. त्यांनी तिथेच सुनेला हाक मारून घमेलं मागवलं.

निघताना पिशवीत मुळे घातले. सोलून आणि न सोलता, दोन्ही उद्या लावते आहे.