मैत्रीचे वर्ग कसले काढताय?

पेठेबाहेरचा
परवा इथे एका सरांनी लिहिलं की आजच्या पोरांना माणसं जोडता येत नाहीत, म्हणून कॉलेजात 'नातेसंबंध कौशल्य' हा दोन क्रेडिटचा विषय सक्तीचा करा. खाली अंगठ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी २०१६ साली लातूरहून पुण्यात आलो. एका खोलीत चौघं, आणि आठ महिन्यांनंतरही दोघांची आडनावं मला माहीत नव्हती. असला वर्ग आमच्याकडेही झाला होता. "शेजाऱ्याच्या डोळ्यांत एक मिनिट बघा." बघितलं. तो इस्लामपूरचा निघाला. परत कधी बोललो नाही.

पुढच्या जुलैत एका सीनियरनं ढोल पथकात ओढून नेलं. पहिल्या दिवशी नदीपात्रात ढोल आवळायला बसवलं. ते एकट्याचं काम नाही. एकानं दोरी ओढायची, दुसऱ्यानं ताण धरून ठेवायचा. समोरचा पोरगा म्हणाला, "सोडू नको रे, सोडलंस तर परत पहिल्यापासून." तळहाताला फोड आले. पंधरा दिवसांत त्याच्या घरी जेवायला होतो. २०२१ मध्ये वडील कोविडनं गेले तेव्हा दवाखान्याबाहेर रात्रभर तोच उभा होता.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी याचे तास मोजलेत. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास, जवळची व्हायला २००च्या वर. आमचा सराव रोज दोन तास, दीड महिना. म्हणजे नव्वद झाले, मिरवणूक वेगळी. सर, तुमचे दोन क्रेडिट म्हणजे ३० तास, तेही फळ्याकडे तोंड करून!

म्हात्रेपूलवाली
तुमचे नव्वद तास आम्हीही मोजलेत, बंद खिडकीतून. सासरे ८४ वर्षांचे, बायपास झालेले. सराव सुरू झाला की कपाटातली भांडी थरथरतात. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. तुमची मैत्री आमच्या कानांवर का?

ताशेवाला
आल्या! वहिनी, विषय काय चाललाय? आणि कायदाच काढायचा तर २०२४ मध्ये हरित लवादानं एका पथकात ३० जणच ठेवा म्हटलं होतं, त्याला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. ढोल हा पुण्याचा श्वास आहे.

म्हात्रेपूलवाली
स्थगिती तीस जणांच्या अटीला होती, डेसिबलच्या मर्यादेला नव्हे. श्वास घ्या की, पण दुसऱ्याच्या छातीवर बसून कशाला? आणि मी तुमची वहिनी नाही.

ताशेवाला
बरं, ताई. डीजेच्या भिंती लागतात तेव्हा कुठे असता? तेव्हा तक्रार करायची हिंमत होत नाही, कारण तिथे नगरसेवकाचा बॅनर असतो.

म्हात्रेपूलवाली
तेव्हाही करते. पोलीस चौकीत मला नावानं ओळखतात. तुम्हाला कोण ओळखतं?

सेवानिवृत्त मास्तर
विषय सुचवणारा मीच. एकतीस वर्षं शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५चा अहवाल सांगतो की १३ ते २९ वयोगटातली १७ ते २१ टक्के मुलं स्वतःला एकटं समजतात. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

पेठेबाहेरचे, तुम्हाला कुणीतरी ओढून नेलं. ज्याला कुणीच ओढत नाही त्याचं काय? माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. तीन वर्षांत त्यानं "हजर" सोडून शब्द काढला नाही. तो काय पथकात जाऊन टिपरू उचलणार होता? वर्गात मात्र तो रोज असायचा. सक्तीचा एवढा तरी उपयोग असतो.

पेठेबाहेरचा
तो रोज असायचा आणि तीन वर्षं गप्प राहिला, हे तुम्हीच सांगताय सर. सक्तीनं आणलेलाच होता की तो.

सेवानिवृत्त मास्तर
टोमणा पोचला. मी त्याच्याशी बोलायला हवं होतं, मान्य. पण म्हणून ढोल हे औषध ठरत नाही.

झांजवाली
पथकांची फार आरती चाललीये म्हणून लिहिते. मीही गेले होते. पहिला प्रश्न, "शाळा कुठली?" परभणीची म्हटल्यावर हातात झांज दिली आणि तीन आठवडे कुणी ढोलाला हात लावू दिला नाही. पेठेतल्या मुलींचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप होता, ते मला चौथ्या आठवड्यात कळलं. सराव संपला की त्या स्कूटीवरून गेल्या, मी सिंहगड रोडपर्यंत चालत. सोडलं.

मैत्रिणी कुठे मिळाल्या माहितीये? मेसमध्ये. मावशींच्या हाताला प्लास्टर होतं, म्हणून आम्हा तिघींना पोळ्या लाटायला बसवलं. माझी पहिली पोळी आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली. ती कोण खाणार यावरून जे हसलो, ते आजतागायत चालू आहे.

पेठेबाहेरचा
शाळा मलाही विचारली होती. मी लातूर म्हटल्यावर सगळे "लातूर पॅटर्न!" म्हणून ओरडले. नशीब म्हणा. पण बघा, तुमच्यापुढेही शेवटी कामच आलं ना, पोळ्यांचं?

झांजवाली
आलं. पण ते कुणी "चला, मैत्री करूया" म्हणून काढलं नव्हतं. मावशी पडल्या म्हणून आलं.

अभ्यासिका क्र. ४२
सदाशिव पेठेत सव्वादोन वर्षं. शेजारच्या खुर्चीतला कोण, माहीत नाही. त्याचा डबा मात्र माहीत आहे, सोमवारी शेपू असतो. नव्वद तास कुठून आणायचे? इथे चहाला दहा मिनिटं गेली तरी अपराधी वाटतं. गावाकडून फोन आला की "चांगलं चाललंय" एवढंच.

ताशेवाला
भावा, नदीपात्रात ये एकदा. वाजवू नको, नुसता बस.

म्हात्रेपूलवाली
हो, बोलवा अजून एकाला. कमी होता गोंगाट.

ताशेवाला
ताई, साडेसातला बंद केलं तर चालेल? खरंच विचारतोय, टोमणा नाही.

म्हात्रेपूलवाली
सात. सासरे सातला जेवतात. आणि पाणी मागायला वर येतात ती पोरं जिन्यात चपला काढतात, अंधारात मी दोनदा अडखळले. बाटल्या भरून दारात ठेवते, तिथून घ्या म्हणावं.