ओटीतले तांदूळ शिजवू का?

कोयनाकाठची | 27 ऑगस्ट 2019

पुरानंतरच्या साफसफाईला आम्ही साताऱ्याहून बावीस जण सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या भिलवडीला गेलो होतो. 15 तारखेला पोचलो, 18 ला परतलो. येऊन नऊ दिवस झाले, पण एक गोष्ट मनातून जात नाही.

आम्हा चौघींच्या वाट्याला एका आजींचं घर आलं होतं. भिंतीवरची पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर. चार दिवस खोऱ्यानं गाळ ओढला, घमेली भरभरून रस्त्यावर टाकली. ज्वारीची कोठी उघडली तर आत सगळी कुजून काळी पडलेली, मधेच मोड आलेले. आजी टाकू देईनात. ओंजळीनं सुपात घेऊन निवडत बसल्या, कोंबड्यांना तरी होईल म्हणून. अर्ध्या तासानं स्वतःच सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "न्या बायांनो."

निघायच्या दिवशी पाया पडायला वाकले, तर दंडाला धरून पाटावर बसवलं. माहेर कुठलं विचारलं. म्हटलं, पाटण तालुका, कोयनेच्या काठाला. "मग ह्ये पाणी तुझ्या म्हायेरनंच आलं की गं," म्हणाल्या आणि सुनेला कुंकवाचा करंडा आणायला सांगितला. नारळ नव्हता. माळ्यावर वाचलेलं एक हळकुंड होतं. तांदूळ आम्हीच दिलेल्या किटमधले. पिशवीवर '5 किलो' हे माझंच अक्षर. मी नको नको म्हणत राहिले. "पूर आला म्हणून लेकीला मोकळ्या ओटीनं धाडू व्हय?"

परतताना कराडला चहाला थांबलो. प्रत्येकानं दोन शब्द बोलायचं ठरलं होतं. 'खूप शिकायला मिळालं' असं बरेच जण म्हणाले. मला तोंडच उघडता आलं नाही.

ते पसाभर तांदूळ डब्यात तसेच आहेत. ओटीचं दुसऱ्याला देत नाहीत, आणि शिजवायला हात धजत नाही. घेतले हे चुकलं का माझं?

गोडोलीकर | 27 ऑगस्ट 2019

ताई, रागावू नका, पण मी घेतले नसते. ज्याचं सगळं गेलंय त्याच्या दारात आपण पाणीसुद्धा आपलंच प्यावं, असं मला वाटतं. माणसं भिडेखातर देतात. आपण निघून येतो आणि त्यांच्या डब्यात तेवढं कमी होतं.

वांगीभरीत | 28 ऑगस्ट 2019

मी नदीपलीकडचा, अंकलखोपचा. 2005 चा पूर पाहिला होता, म्हणून त्या खुणेच्या वर सामान ठेवून आम्ही निर्धास्त होतो. यंदा सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 ची. 8 तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली. त्यातली माणसं आमच्या ओळखीपाळखीची.

भिडेखातर म्हणता, तर ऐका. दोन आठवडे आम्ही फक्त घेतोय. रांगेत उभं राहून बिस्किटं, चादर, पाण्याची बाटली. माझ्या वडिलांनी आयुष्यात कुणापुढं हात पसरला नव्हता, त्यांना आधार कार्ड दाखवून साबण घ्यावा लागला. त्या रात्री ते जेवले नाहीत. आजींनी तुम्हाला पाटावर बसवलं तेव्हा त्या घरात पुन्हा घरधनीण झाल्या. तांदूळ शिजवा आणि खा.

आणि एक. माणसांची गर्दी गाळ निघेपर्यंत असते. आमचं खरं आत्ता सुरू झालंय. उसाच्या पोंग्यात गाळ बसलाय, वरनं हिरवा दिसतो पण शेंडा कुजलाय. दिवाळीला फोन करा त्यांना. यायला जमलं नाही तरी चालेल.

गोडोलीकर | 28 ऑगस्ट 2019

तुमचं वाचून गप्प बसलो. माझं म्हणणं मागे घेतो.

कोयनाकाठची | 29 ऑगस्ट 2019

काल भात केला. मुलांना कुठले तांदूळ ते सांगून वाढला.

कोयनाकाठची | 1 ऑगस्ट 2021

धागा वर काढतेय. 22 जुलैच्या रात्री आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. माहेरचं घर वाचलं, पण दोन दिवस फोन लागत नव्हता. मी नुसती नंबर फिरवत बसलेली. तेवढ्यात आजींच्या सुनेचा फोन आला. भिलवडीत पुन्हा पाणी शिरलेलं, त्या पाहुण्यांकडे हललेल्या. आजींनी फोन हातात घेऊन विचारलं, "आईचं घर ऱ्हायलं का तुझ्या?" त्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "आमचं अजून पाण्यात हाय. तू आधी तिकडं जा."

तर आधी कोयनानगरला जातेय, मग पुढच्या रविवारी भिलवडी. या वेळी आम्ही सहाच जणी आहोत. खोरी, खराटे, ब्लीचिंग पावडर घेतलीय, नारळही घेतलाय. पलूसकडून भिलवडीत मोठी गाडी जाते का सध्या? अंकलखोपचे दादा, अजून इथे असाल तर सांगा.