आधी नकाशे, पुराण नंतर

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही खंड संपवलेल्या भाचीला वाढदिवसाला 'सिल्मरिलियन' द्यावं का, असं तुम्ही विचारलंय आणि वर दोघांनी बेधडक हो म्हटलंय. मी म्हणेन, एवढ्यात नको. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन गेल्यावर त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, हस्तलिखितांतून जुळवून १९७७ साली काढलेलं ते पुस्तक. सुरुवात थेट सृष्टीच्या उत्पत्तीपासून. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा नायक फ्रोडो भेटतो तो पार शेवटी, ओझरता. ज्याला पुराणं आवडतात त्याला मेजवानी, बाकीच्यांची वंशावळीतच दमछाक होते.

त्यापेक्षा कॅरन विन फॉन्स्टॅडचा 'ॲटलस ऑफ मिडल-अर्थ' घ्या, म्हणजे टॉल्किनच्या कल्पित जगाचे नकाशे. बाई पेशाने नकाशाकार. कोण कुठल्या तारखेला कुठवर पोचलं, लढाईत कुणाची फळी कुठे होती, सगळं आखून दाखवलंय. पहिली आवृत्ती १९८१ची, सुधारित १९९१ची, सुधारितच मागवा. आमच्या दांडिया बाजारच्या घरात हा ॲटलस उघडा असताना सेव-उसळीची वाटी घेऊन कुणी जवळ फिरकायचं नाही, असा नियम आहे!

धाकटा भाऊ हॅरी पॉटरवाला आहे म्हणालात. त्याला 'क्विडिच थ्रू द एजेस' (क्विडिच म्हणजे त्या गोष्टींतला उडत्या झाडूंवरून खेळायचा खेळ). हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाईंनी २००१मध्ये कॉमिक रिलीफ या ब्रिटिश मदतसंस्थेसाठी लिहिलेलं, हॅरीच्या जादूच्या शाळेच्या, हॉगवर्ट्सच्या लायब्ररीतून आणल्यासारखं सजवलेलं छोटंसं पुस्तक आहे. त्यांच्याच त्याच वर्षीच्या 'फँटास्टिक बीस्ट्स'ची जुनी प्रत मिळाली तर सोडू नका, तिच्या समासात हॅरी आणि त्याचा मित्र रॉन यांनी खरडलेले शेरे आहेत. चित्रपटांच्या नावाने निघणारी चकचकीत फोटोबुकं मात्र खुशाल वगळा.