चाळीस हजारात १५० सीसी? त्या पोस्टले माहं उत्तर

घाटंजीकडचा शेतकरी
परवा इथं एका भाऊनं लिहिलं का १०० सीसीची गाडी म्हणजे पैशाचा नास, तेवढ्याच पैशात जुनी १५० सीसी येते, घ्यायची तर दमाची घ्या नाई तर एसटीनं फिरा. वाचून सोडून देल्लं असतं, पण माह्या लहान भावानं ते वाचलं अन् आता घरी तो कोणाचंच ऐकून नाई राह्यला. बजेट आमचं ४० हजार, कापूस विकून बाजूले ठेवलेले. म्हणून लिहून राह्यलो, लंबं होईन.
भाऊ तालुक्याले कामाले जाते, हंगामात कापसाच्या जिनिंगवर अन् बाकी टाइमले कृषी केंद्रात. जाणं-येणं ३६ किलोमीटर. वर्षाचे ३०० दिवस धरा, १०,८०० किलोमीटर झाले. ६० चा अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीले १८० लिटर लागते, ४० वालीले २७०. नव्वद लिटरचा फरक, पेट्रोल एकशेपाचच्या घरात धरलं, म्हणजे साडेनऊ हजार रुपये वर्षाले. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८, त्या भावानं पावणेदोन क्विंटल, अन् यार्डात जे भेटते त्या भावानं दोनच्या वर. एवढं सोयाबीन दरवर्षी टाकीत ओतायचं का? टायर, चेनसेट, क्लच प्लेट तर अजून धरलंच नाई. ज्याचा बाप हप्ता भरते त्यानं दमाची गाडी सांगावी.
माह्या मतानं २०१८-१९ ची कार्बोरेटरवाली स्प्लेंडर नाई तर एचएफ डिलक्स पाहावी, सिंगल हँड म्हणजे एकाच मालकानं वापरलेली, अन् पाच-सहा हजार कामाले मागं ठेवावे.

नागपूरवाला पण गावचाच
पोस्ट माझीच होती. बाप हप्ता भरते वगैरे लिहायची गरज नव्हती, माझे वडील २०१६ मध्येच गेले.
तुझा हिशोब वहीत बरोबर आहे, पण वही रस्त्यावर चालत नाही. मी तीन वर्षं पांढरकवड्याजवळून हायवेनं १०० सीसीवर ये-जा केली. ट्रक मागून येतो, पुढं सोयाबीनची ट्रॉली, ओव्हरटेक करायला जावं तर गाडीत जीवच नाही, एक्सलेटर पूर्ण पिळलेला अन् काटा हलत नाही. एकदा अंधारात रस्त्यावर म्हशी बसलेल्या, दोन्हीकडं ड्रम ब्रेक, मागं काकू बसलेली. काकूचा हात आजही पूर्ण वर होत नाही. त्या दिवसापासून मी ठरवलं, पुढच्या चाकाला डिस्क नसेल तर गाडी घ्यायची नाही. साडेनऊ हजार वाचवशील, मान्य, पण कशाच्या बदल्यात ते बी लिही.

आर्णी रोडचा मिस्त्री
दोघंही गाडी चालवता, खोलतो मी, म्हणून बोलतो.
चाळीस हजारात जी १५० येते ते कोणी ना कोणी पोट्ट्यानं पिळलेलीच असते. सायलेन्सर बदललेला, वायरिंग कापून हॉर्न बसवलेला, एअर फिल्टर कधी उघडलेलाच नाई. किलोमीटरचा काटा काय दाखवते त्याच्यावर जाऊ नका, केबल काढून ठेवली का झालं. पायदानाचं रबर पाहा, गिअर लिव्हर पाहा, ते घासलं असन अन् काटा म्हणते १८ हजार, तर उठून या. इंजिनच्या बोल्टवर पान्याचे व्रण दिसले म्हणजे पेटी उघडली हाये. मागचं चाक हातानं आडवं हलवून पाहा, बुश गेले का समजते. अन् गाडी सकाळी थंडी असताना चालू करून घ्या, विकणारा आधीच गरम करून ठेवते. निळा धूर आला का पिस्टन-रिंग गेली, खर्च तुमचा.
कार्बोरेटरचं म्हणसान तर भाऊचं बरोबर. एप्रिल २०२० पासून धुराचा नवा नियम बीएस६ आला, बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन सेन्सरवालं इंजेक्शन आलं. गाडी चांगलीच, थंडीत पटकन लागते, पण मीटरमधला इंजिनचा दिवा पेटला का मले स्कॅनर लागते अन् तो माह्याजवळ नाई. जुनी मी कडुलिंबाखाली स्क्रू फिरवून घरी पाठवतो. पण नवीन पेट्रोलचं ध्यानात ठेवा, २० टक्के इथेनॉलवालं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांचे रबर त्याच्यासाठी बनलेले नाईत, अन् इथेनॉल पाणी ओढते, पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवली तर टाकीत खाली पाणी बसू शकते. पाइप अन् ओ-रिंग घेतल्या घेतल्या बदला, लय पैसे नाई लागत.
आता माहं दुखणं. सगळे १० हजार वाचवायचं बोलता, अन् मिस्त्रीचे ३०० रुपये कापूस निघाल्यावर देतो म्हणता. वही भरली माही.

हप्त्यावाला बरा
जुन्याच्या भानगडीत पडूच नका न भाऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ चा १८ झाला, १०० सीसीवाल्या नव्या गाड्या आवाक्यात आल्या. वीस हजार डाऊन पेमेंट, बाकी हप्त्यानं, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच, कोणाचं चलान नाई, गाडीवर कोणाच्या कर्जाचा बोजा नाई. होंडाची शाइन १०० तर शंभर किलोच्या आतच हाये. मी घेतली, ५० हजाराले दोन वर्षं २,५८३ चा हप्ता, समजत बी नाई.

हिंगणघाटचे गुरुजी
समजत नाही कारण तुम्हाला समजू दिलेलं नाही. ५० हजार, दोन वर्षं, २,५८३. म्हणजे एकूण ६२ हजार. त्यांनी तुम्हाला १२ टक्के सांगितलं असेल. ते १२ टक्के पूर्ण ५० हजारांवर दोन्ही वर्षं लावलेत, तुम्ही मुद्दल फेडत चाललात तरी. घटत्या शिल्लकेवर काढा, २१ टक्क्यांच्या वर जातं. हेच बँकेनं सोनं तारण ठेवून दिलं असतं तर निम्म्या व्याजात झालं असतं. चाळीस वर्षं गणित शिकवलं मी, अन् माझेच विद्यार्थी फाइल चार्ज न विचारता सही करून येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हप्त्यावाला बरा
गुरुजी, सोनं असतं तर तारण ठेवलं असतं. सोनं आईच्या दवाखान्यात गेलं. तुमचं गणित बरोबर हाये, माहं घर त्या गणितात बसत नाई. पुढच्या बारीनं विचारीन व्याज फ्लॅट म्हणजे पूर्ण रकमेवर का घटत्या शिल्लकेवर, एवढं कबूल.

राळेगावकडचे काकाजी
एक्सएलचं नाव कोणी घेऊन नाई राह्यलं. टीव्हीएसची एक्सएल १००, गिअरची कटकट नाई, समोर सपाट जागा, युरियाची ४५ किलोची बोरी समोर, फवारणीचा पंप मागं, अन् पांदणीच्या काळ्या मातीत पडली तर एकटा माणूस उचलते. तुमच्या स्प्लेंडरचं समोरचं मडगार्ड पऱ्हाटीच्या दिवसात चिखलानं असं भरते का चाक फिरत नाई, अर्ध्या गावानं मडगार्ड कापून टाकले. शेतकऱ्याच्या घरी शेतकऱ्याची गाडी पाह्यजे. टाकी ४ लिटरची, तेवढी एक उणीव.

दारव्ह्याचा
काकाजी, एक्सएलवर पोरगी पाहायले जाता येते का? माह्या मोठ्या भावाचं ३४ चालू हाये. सहा एकर ओलिताचं वावर, दारू नाई, खर्रा नाई. दोन ठिकाणी मामानं स्पष्ट सांगितलं, पोराकडं धड गाडी बी नाई. तुमच्या जमान्यात बैलजोडी पाहून पोरगी देत होते, आता पार्किंग पाहतात.

राळेगावकडचे काकाजी
गाडी पाहून पोरगी देणाऱ्याच्या घरची पोरगी कायले पाह्यजे? कर्ज काढून १५० घ्या, मंग लग्नाचं कर्ज, मंग दोन्ही फेडता फेडता वावर विका. आमच्या गावात एकाची गाडी फायनान्सची माणसं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात अंगणातून ओढून घेऊन गेली, नवी सून दारात उभी. हे दाखवायचं काय पाहुण्याईले?

दारव्ह्याचा
तुमचं लग्न झालं ना काकाजी. मंग बोलणं सोपं हाये. माह्या भावाले रोज सांजच्याला आई विचारते कुठून फोन आला का, अन् तो वावरातून घरी येतच नाई लौकर. तुम्ही सांगा त्याले का एक्सएल घे म्हणून, समोर येऊन सांगा.

आशाताई
मी मध्ये बोलते. आशा म्हणून चार वाड्या करते, तीन वर्षांपासून एक्सएलच चालवते, साडीवर. तुम्ही सगळे पोरीच्या मामाचं बोलून राह्यले, पोरीले कोणी विचारलं? माह्या बहिणीनं १२५ वाल्याले नाही म्हटलं, कारण त्याची गाडी होती पण घरात संडास नव्हता. पोरी गाडी पाहत नाईत असं नाई. पाहतात, कारण दवाखान्यात जायले, माहेरी जायले गाडी लागते. पण ते गाडी तिले बी चालवता येईन का, हे त्याईच्या मनात असते. रात्री कळा सुरू झाल्या अन् नवरा हळद भरलेल्या ट्रकवर दुसऱ्या जिल्ह्यात, दारात १५० उभी, घरातल्या कोणत्याच बाईले ते स्टँडवरून काढता येत नाई, हे मी डोळ्यानं पाहिलं. १०८ ले फोन केला, पण ते येईस्तोवरची तो पाऊण तास मी विसरत नाई.
दारव्ह्याच्या भाऊ, तुमच्या दादासाठी जीव तुटते माहा, खरं सांगते. पण ते गाडीनं सुटणारं नाई.

नागपूरवाला पण गावचाच
ताईंचं पटलं. डिस्कचं मी सोडत नाही, पण स्टँडवरून काढता येत नाही हा मुद्दा माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आणि पोस्टमध्ये ‘एसटीनं फिरा’ हे मी चिडून लिहिलं होतं, ते काढतो. बाकी पोस्ट ठेवतो.

धारणीचा
मेळघाटात या अन् सेमाडोहच्या घाटात दोघं बसून १०० सीसी चढवून दाखवा, मंग बोलू. सपाटीवर बसून सगळे हुशार.

हिंगणघाटचे गुरुजी
घाटंजीत घाट नाही, धारणीकर. मूळ प्रश्नावर या. जुनी घेणार असाल तर कागद. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० विकणाऱ्याच्या सहीनं, कर्जाचा बोजा असेल तर फायनान्सची एनओसी म्हणजे ना-हरकत आणि बोजा काढायचा फॉर्म ३५, हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. अ‍ॅपवर नंबर टाकून चलान पाहा. आणि गाडी नावावर करा. आपल्याकडं तीन मालक फिरलेली गाडी पहिल्याच्याच नावावर असते, अपघात झाला की कोर्टाची नोटीस त्या पहिल्याला जाते.

लहान भाऊ
मी तोच लहान भाऊ ज्याच्यावर हे सगळं चालू हाये. इथं लग्नावर एवढं लिहिलं, मले लग्नासाठी गाडी नव्हती पाह्यजे.
आमच्या घरी आधी गाडी होती, १०० सीसीच, बाबाच्या नावावर. तीन वर्षं हप्ते माह्या जिनिंगच्या मजुरीतून गेले. जूनमध्ये मी कामावरून आलो तर अंगणात गाडी नाई. विकली होती. मले कोणी विचारलं नाई. १५० यासाठी म्हणत होतो का ते बाबाले झेपत नाई, कोणी मागणार नाई अन् कोणी विकणार नाई. १०० घ्या का एक्सएल घ्या, चालते मले. नावावर माह्या पाह्यजे.

घाटंजीकडचा शेतकरी
पेरणी अडली होती. विकायचं बाबाच्या नाई, माह्या डोक्यातून निघालं होतं. तुले विचारायले पाह्यजे होतं.
नावावर तुह्याच होईन. मिस्त्री, ते २०१९ ची स्प्लेंडर रविवारी घेऊन येऊ का दुकानावर? एमएच २९ च हाये, यवतमाळचीच, एकच मालक.

आर्णी रोडचा मिस्त्री
सहाच्या आत आणा, इंजिन थंडं असताना. गरम करून आणली तर मी हात नाई लावत. अन् आरसी आधी लहान्याच्या हातात द्या, मंग किक मारा.